रात्री ताप आला तर?

खुर्च्या गोलात मांडाव्यात, असं प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं. पण तालुक्याच्या त्या सभागृहातल्या खुर्च्या चार-चारच्या ओळीत लोखंडी पट्टीने जोडलेल्या होत्या. त्यामुळे गोल काही झाला नाही. चाळीसेक आशाताई आणि सात-आठ सिस्टर आपापल्या ओळीत बसल्या आणि ‘लसीकरणासाठी परस्पर संवाद’ या विषयाचा तास सुरू झाला. पहिला तासभर पडद्यावर स्लाइड सरकत राहिल्या. ‘समानुभूती’ हा शब्द आला तेव्हा माझ्या शेजारच्या ताईंनी तो वहीत उतरवला, एकदा खोडला आणि पुन्हा लिहिला. मग रोल प्लेची वेळ झाली. खरा कार्यक्रम तिथून सुरू झाला.

पुढच्या ओळीतल्या एका आशाताईंना नकार देणाऱ्या सासूची भूमिका मिळाली. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, चप्पल काढून पाय वर घेतले आणि बघता बघता वय वीस वर्षांनी वाढवलं. सिस्टरची भूमिका खुद्द प्रशिक्षकांनी घेतली.

‘आजी, बाळ दीड महिन्याचं झालं. आज त्याचे डोस आहेत.’

‘नाही द्यायचे.’

‘का बरं?’

‘थोरल्याला दिला होता. मांडीला ही एवढी गाठ आली. दोन रात्री पोरगं तापलं.’

‘आजी, ताप येणं चांगलं असतं. लस काम करतेय याची खूण असते ती.’

‘चांगलं असतं? मग या की तुम्ही रात्री उशाशी बसायला. माझी सून सकाळी साडेसहाला कांदे लावायला जाते.’

‘आजी, लस एकदम सुरक्षित आहे. शासनाने…’

‘शासनाने आधी नळाला पाणी सोडावं.’

सभागृह हसलं. प्रशिक्षकही हसले, पण त्यांच्याकडची वाक्यं संपली होती. ‘बघा, असे लाभार्थी भेटतात, तेव्हा आपण संयम ठेवायचा,’ असं म्हणून त्यांनी पुढची स्लाइड लावली. जेवणाच्या सुट्टीत मी त्या ताईंना विचारलं, हे सगळं सुचलं कुठून? डबा उघडता उघडता त्या म्हणाल्या, ‘सुचलं कुठं सर, ऐकलंय. चौदा वर्षं ऐकतेय.’

त्या दिवशी सभागृहात नकाराच्या खऱ्याखुऱ्या कारणांचा एवढा साठा बसला होता, की त्यावर आठवडाभर प्रशिक्षण चाललं असतं. चार्टपेपरचं बंडल मात्र संध्याकाळी जसंच्या तसं परत गेलं.

आपल्याकडे असं प्रशिक्षण होतच नाही, असं नाही. आशा, अंगणवाडी सेविका आणि एएनएम (म्हणजे आपल्या सिस्टर) यांना लसीबद्दल घरोघर कसं बोलावं हे शिकवण्यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालय आणि युनिसेफ यांनी ‘ब्रिज’ नावाचा कार्यक्रम आखला. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 2019च्या तुकडीपासून वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला. लसीकरण सत्रातल्या प्रत्येक सिस्टरला ‘चार संदेश’ तोंडपाठ असतात: आज कोणती लस दिली आणि ती कशापासून वाचवते, पुढचा डोस कधी आणि कुठे, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणायचं. चारही उपयोगाचे आहेत. पण चारही सिस्टरने सांगायचे आणि आईने ऐकायचे. आईने सांगायचं आणि सिस्टरने ऐकायचं, असा पाचवा भाग त्यात नाही. माझी तक्रार तेवढीच आहे आणि हा लेखही तेवढ्यासाठीच आहे. आपण समानुभूती शिकवायला जातो आणि शिकवून येतो गोड बोलणं.

मुळात त्या ‘सासूबाईं’चा मुद्दा खोटा होता का? अजिबात नाही.

सरकारी लसीकरणात दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट लस देतात. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब जंतूचा संसर्ग अशा पाचांपासून ती वाचवते. तिच्यातल्या डांग्या खोकल्याच्या भागात मारलेले जंतू अख्खेच असतात. त्यामुळे ताप येतो, मांडी सुजते, गाठ येते, मूल किरकिरतं. बहुतेकदा एक-दोन दिवसांत सगळं निवळतं. आता हा अंक वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी आपल्या नातवंडांना खासगी दवाखान्यात ‘पेनलेस’ लस दिलेली असेल. तिच्यात त्याच जंतूचे फक्त निवडक अंश असतात, म्हणून ताप कमी येतो आणि बिल जास्त येतं. गंमत अशी, की अख्ख्या जंतूच्या लसीचं संरक्षण जास्त काळ टिकतं, असं दिसून आलेलं आहे. म्हणजे सरकारी लस दुय्यम मुळीच नाही. पण एक रात्र जागायची आहे आणि ती कोणी जागायची हे ठरलेलं आहे. ज्यांना दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकता येते त्यांनी पैसे देऊन ती रात्र टाळली. ज्यांचा रोज बुडतो, त्यांच्या वाट्याला ती आली. आणि त्यांनी कुरकुर केली, की आपण त्यांना अडाणी म्हणतो.

‘ताप येणं चांगलं असतं’ हे वाक्य शास्त्राला धरून असलं, तरी ज्या बाईला तो ताप सांभाळायचाय तिच्यापुढे ते बोलणं म्हणजे तिच्या प्रश्नाला उत्तर न देणं. तिचा प्रश्न शास्त्राचा नाहीच. रात्री ताप आला तर औषध किती द्यायचं, कोणाला फोन करायचा, आणि तो उचलला जाईल का, हा तिचा प्रश्न आहे.

याच गोष्टीचा अभ्यास करणारे डॉक्टर अमेरिकेत आणि कॅनडात बरेच आहेत आणि त्यांची काही निरीक्षणं आपल्या उपकेंद्रातही लागू पडतील अशी आहेत. 2013 साली सिअॅटलच्या परिसरातल्या 16 बालरोग चिकित्सकांची पालकांशी झालेली 111 संभाषणं चित्रित करून तपासली गेली. ‘आज आपल्याला हे डोस द्यायचेत’ अशी सुरुवात झाली, तिथे 26 टक्के पालकांनी विरोध केला. ‘मग, डोसांचं काय ठरवलंय?’ अशा सुरुवातीनंतर मात्र 83 टक्क्यांनी. पुढे त्यातच एक मोलाची नोंद आहे: नकार आल्यावरही डॉक्टरांनी आपला सल्ला सोडला नाही, तेव्हा सुरुवातीला अडलेल्यांपैकी 47 टक्के पालक तयार झाले. ठाम सुरुवातीची आपल्याकडे वाण नाही. आपली सिस्टर ‘डोस घ्यायचाय, पाय धरा’ असंच म्हणते. वाण आहे ती नकारानंतरच्या दुसऱ्या वाक्याची.

ते दुसरं वाक्य म्हणजे माहितीचा मारा नव्हे, हेही तपासून झालं आहे. 2014 साली संशोधक ब्रेंडन नायहन आणि सहकाऱ्यांनी 1,759 अमेरिकी पालकांना वेगवेगळ्या प्रकारची माहिती दाखवून पाहिली. गोवराच्या लसीने स्वमग्नता येते, ही अँड्र्यू वेकफिल्ड यांच्या 1998च्या निबंधाने पसरवलेली समजूत. तो निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 साली मागे घेतला. खुलासा वाचून ती समजूत कमी झाली खरी, पण जे पालक आधीच लसीच्या सर्वांत विरोधात होते त्यांचा लस देण्याचा इरादा उलट आणखी घटला. एक शंका फिटली म्हणून माणूस तयार होत नाही. कारण ती शंका हे बरेचदा कारण नसतंच. ती कारणावर घातलेली चादर असते.

म्हणून कॅनडातल्या क्युबेक प्रांतात आर्नो गान्यूर यांच्या गटाने वेगळी वाट धरली. दारू सोडवण्यासाठी विल्यम मिलर यांनी 1983 साली मांडलेली संवादाची पद्धत त्यांनी प्रसूतिगृहात आणली. बाळंतिणीजवळ बसायचं. तिला काय ठाऊक आहे ते आधी विचारायचं. ‘तुम्हाला आणखी एक सांगू का?’ अशी परवानगी मागून मगच सांगायचं. सांगून झालं, की ‘तुम्हाला काय वाटतं?’ म्हणून थांबायचं. पुढे ही पद्धत प्रांतभरातल्या प्रसूतिगृहांत गेली. आपल्याकडे बाळंतीण सरकारी दवाखान्यात साधारण दोन दिवस असते. बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि कावीळ ब तिथेच होतात. त्या दोन दिवसांत तिच्या खाटेशी कोणी दहा मिनिटं बसतं का, ते तुम्हीच आठवून पाहा.

कोल्हापूर-सांगलीकडच्या एका ऊसतोडीच्या तळावर मला हे दुसरं वाक्य प्रत्यक्ष ऐकायला मिळालं. कुठलंही प्रशिक्षण त्याच्या आसपास नव्हतं.

पाचटाने शाकारलेल्या पंचवीस-तीस कोप्या, मधोमध बैलगाड्या. माणसं बीडकडची. सिस्टर स्कूटीवर व्हॅक्सिन कॅरिअर अडकवून आल्या. आत चार आइसपॅक, त्यांच्यामध्ये कुप्या. सोबत गावातल्या आशाताई. एका कोपीपाशी नऊ-दहा महिन्यांची मुलगी मातीत खेळत होती. गोवर-रुबेलाचा पहिला डोस राहिलेला, पेंटाचा तिसराही बहुधा राहिलेला. बहुधा, कारण कार्ड गावाकडे पत्र्याच्या पेटीत होतं.

आई म्हणाली, ‘नको मॅडम. सुई नको.’

आशाताई काही बोलणार, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, ‘बरं.’ आणि तिथेच विटेवर बसल्या. मग म्हणाल्या, ‘मागच्या वेळी लई त्रास झाला का गं?’

त्यानंतर जवळजवळ मिनिटभर कोणीच बोललं नाही. प्रशिक्षणात असल्या मिनिटाची कोणालाही धास्ती वाटली असती. मग ती सांगू लागली. मागच्या डोसाला पोर दोन दिवस तापली. तिला घरी थांबावं लागलं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एक जण थांबला, की अर्धा कोयता पडतो, खाडा लागतो आणि मुकादम उचलीतून दंड कापतो. नवऱ्याने त्याचा राग तिच्यावर काढला होता. हे शेवटचं तिने सरळ सांगितलं नाही. हाताने दाखवलं.

लसीबद्दल तिच्या मनात शंका नव्हतीच. गोवर काय असतो हे तिला सिस्टरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. तिच्या धाकट्या दिराचं मूल गोवराने गेलं होतं.

सिस्टरांनी विचारलं, ‘हा फड कधी संपतोय?’

‘गुरवारी.’

‘मग शुक्रवारी तोड नाही?’

‘शुक्रवारी सामान हलवायचं. तोड शनवारी.’

‘मग मी गुरुवारी संध्याकाळी येते. शुक्रवारी तुझ्याजवळ राहील ती. तापाचं औषध देते, किती द्यायचं ते बाटलीवर खूण करून देते. आणि हा माझा नंबर. रात्री ताप आला तर लाव.’

गुरुवारी संध्याकाळी जाणं हे सत्राच्या आराखड्यात न बसणारं काम होतं. गोवराची कुपी एकदा पातळ केली, की चार तासांत संपवावी लागते, नाहीतर उरलेले डोस फेकून द्यायचे. म्हणजे एका मुलीसाठी कुपी फोडायची, तर तळावरची बाकीची मुलंही त्याच संध्याकाळी गोळा करायला हवीत. आशाताईंनी ती केली. पाच मुलं झाली. मी त्या संध्याकाळी नव्हतो, हे मला नंतर फोनवर कळलं. रात्री फोन आला का, असं मी विचारलं. ‘आला ना. अकराला एकदा, दीडला एकदा. दुसऱ्यांदा नुसतंच सांगायला, की ताप उतरला.’

पुस्तिकेतल्या ‘समानुभूती’साठी मराठीत मला एवढाच प्रतिशब्द सापडला: फड कधी संपतोय?

मन वळवण्याचा दुसरा मार्ग आपल्याला जास्त सरावाचा आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये कोविड लसीकरणाचा टक्का वाढेना, तेव्हा औरंगाबाद जिल्हा प्रशासनाने लस न घेतलेल्यांना पेट्रोल आणि रेशन नाकारण्याचे आदेश काढले. त्याच महिन्यात राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी मुस्लिम वस्त्यांतल्या लोकांचं मन वळवायला सलमान खानची मदत घेणार असल्याचं सांगितलं. एका हातात रेशनकार्ड, दुसऱ्या हातात सिनेमाचा नट! मधला माणूस, जो त्या गल्लीत रोज जातो, तो दोन्हींत कुठे नाही. धाकाने त्या आठवड्याचा आकडा वाढतो, हे मी नाकारत नाही. पण पुढच्या वर्षी त्याच दारावर त्याच सिस्टरला पुन्हा जायचं असतं. 2022च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईच्या गोवंडीत गोवराने मुलं दगावू लागली, केंद्राचं पथक आलं, गोवर-रुबेलाचा जादा डोस सुरू झाला. तेव्हा पालिकेच्या आरोग्यसेविका ज्या दारांवर उभ्या राहिल्या, त्यांतल्या कित्येक दारांच्या मनात कोविडची दोन वर्षं ताजी होती.

आणि दारांना आठवण असते. तिला अफवा म्हणून झटकता येत नाही. मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. लोकांपुढे जाण्याआधी स्वतःचा दंड पुढे करण्याइतका प्रामाणिक माणूस. पुढे ऑक्टोबर 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतली लस टोचलेले 19 जण धनुर्वाताने गेले. दोष बाटली उघडतानाच्या निष्काळजीपणाचा होता, हे सिद्ध व्हायला आणि हाफकिन निर्दोष ठरायला 1907 उजाडलं. पण एकोणीस घरांना निकालपत्राचा काय उपयोग होता? अलीकडचं सांगायचं, तर 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये आणि गुजरातेत वडोदऱ्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस देण्याचा प्रकल्प झाला. त्यातल्या काही मुली दगावल्या. मृत्यू लसीमुळे झाले असं चौकशीत आढळलं नाही. पण आश्रमशाळांतल्या मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या आढळल्या. लस चांगलीच होती. विचारलं मात्र नव्हतं. पुढची कित्येक वर्षं त्या लसीच्या नावाला ही गोष्ट चिकटून राहिली.

विचारण्यावर पैसा आणि माणसं लावली की काय होतं, तेही आपल्याच देशात घडून गेलंय. 2006 साली भारतात पोलिओचे 676 रुग्ण सापडले, 2009 साली 741. त्यातला मोठा वाटा पश्चिम उत्तर प्रदेश आणि बिहारचा. पोलिओच्या फेरीत घरांच्या दारांवर खडूने खुणा करत: ‘पी’ म्हणजे सगळ्या मुलांना डोस झाला, ‘एक्स’ म्हणजे राहिला. नकाराच्या एक्सला वेगळं अक्षर जोडलेलं असे. उत्तर प्रदेशात युनिसेफच्या जाळ्यातून त्याच मोहल्ल्यांतल्या हजारो बायका नेमल्या गेल्या. त्यांचं काम डोस पाजणं नव्हतं. ‘एक्स’च्या दारावर पुन्हा जाऊन बसणं हे होतं. त्यांना तिथे काय ऐकू आलं? की तुम्ही दर महिन्याला थेंब घेऊन येता, पण पोराला जुलाब झाले, गटार तुंबलं, तेव्हा कोणी येत नाही. मग थेंबांबरोबर हात धुणं, ओआरएस आणि बाकीच्या लसीही बोलण्यात आल्या. मशिदींतून आवाहनं झाली. 2010 साली रुग्ण 42 वर आले. शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला आणि 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. हे एकट्या गप्पांनी झालं नाही, सुधारलेली लसही होती, पण त्या बायकांवाचून ती लस दारातच राहिली असती.

आता ज्यांच्याकडून आपण ही माया मागतो, त्यांच्याकडे वळू. आशा ही 2005 पासूनची व्यवस्था. साधारण हजार लोकसंख्येमागे एक. कागदावर ती अजूनही ‘स्वयंसेविका’ आहे. मुलाचं वर्षभराचं लसीकरण पूर्ण केलं, की तिला 100 रुपये मिळतात. नऊ महिने पाठपुरावा केला आणि दहाव्या महिन्यात ते कुटुंब ऊसतोडीला गेलं, तर मिळत नाहीत. 2022 साली जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा जागतिक पुरस्कार देऊन गौरव केला. 2023 साली महाराष्ट्रातल्या आशा मानधनासाठी संपावर होत्या. ज्या बाईची गाऱ्हाणी ऐकायला तिच्या वरचं कोणी बसत नाही, तिने खालच्यांची गाऱ्हाणी मान हलवत ऐकावीत, ही अपेक्षा मला फार ऐटबाज वाटते. त्या सभागृहात दुपारी अभिप्रायाचा कागद वाटला गेला. ‘प्रशिक्षण कसे वाटले: उत्तम / चांगले / बरे.’ चौदा वर्षं ऐकणाऱ्या ताईंनी ‘उत्तम’वर खूण केली आणि खाली सूचनांच्या रकान्यात लिहिलं, ‘तापाचे औषध पुरेसे द्यावे. मागच्या वेळी संपले होते.’

माझ्या मते एका दिवसाच्या संवाद-प्रशिक्षणाचा अर्धा दिवस त्या एका ओळीवर घालवायला हवा होता. ‘ताप आला तर औषध देईन’ असं सांगितलं आणि बाटलीच नसली, तर पुढच्या वेळी सिस्टरचा आवाज कितीही मऊ असो, दार उघडत नाही.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा बीडकडून गाड्या निघू लागलेल्या असतील. हार्वेस्टर आले तरी अजून लाखो माणसं कोयता घेऊन निघतात आणि बरोबर दोन वर्षांच्या आतली पोरंही असतात. तुमचं गाव साखर कारखान्याच्या वाटेवर असेल, तुमच्या शेतात तळ पडत असेल, तर दोन गोष्टी करा. तळ पडल्याचं गावच्या आशाताईंना त्याच दिवशी कळवा. आणि गावाकडे कोणी मागे राहिलं असेल, तर पेटीतल्या कार्डाचा फोटो काढून मोबाईलवर मागवून घ्यायला आयांना सांगा. कार्ड नसलं तरी लस मिळते. पण कार्ड असलं, की एक सुई वाचते आणि कदाचित एक खाडाही.